गरम झाल्यावर स्टार्ट न होणारी आरएक्स-८

अरे थांब जरा, माझदाची ती आरएक्स-८ गाडी स्वस्त मिळतीये म्हणून लगेच टोकन देऊ नकोस. तू म्हणतोस गार असताना सुरू होते, गरम झाल्यावर बंद केली की परत स्टार्टच होत नाही आणि मालक म्हणतो बॅटरी वीक आहे. पण बॅटरी वीक असती तर गार इंजिनलाच आधी त्रास झाला असता ना! माझदाच्या या रोटरी इंजिनात (पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतात ते) हे लक्षण बहुतेकदा एपेक्स सील (रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या) झिजून कम्प्रेशन, म्हणजे आत हवा-पेट्रोल दाबायची ताकद, गेल्याचं असतं, म्हणजे अख्खं इंजिन खोलायचं काम.

कम्प्रेशन टेस्ट करूनच घे आणि तीही रोटरीच्या टेस्टरने, कारण २ रोटर, प्रत्येकाच्या ३ बाजू, म्हणजे ६ रीडिंग हवीत, साधा गेज तिन्हीतलं सगळ्यात चांगलं तेवढंच दाखवतो आणि आपण खूश होऊन गाडी घरी आणतो (विचारू नकोस मला कसं माहीत). मालक टेस्टला नाही म्हणाला तर इंजिन गेलेलंच धरून भाव कर.

गंज मात्र खालून टॉर्च मारून बघच, इंजिन बदलता येतं पण चासी सडलेली असेल तर मी तरी फुकट दिली तरी घेणार नाही. आणि रोज फिरायला दुसरी गाडी आहे ना तुझ्याकडे?