हेड उतरवलं तेव्हा आत काय दिसलं? तुमचे अनुभव

पिस्टनच्या डोक्यावर जी एवढीशी पोकळी असते ना, जिथे इंधन जळतं, मायलेज आणि धूर बऱ्यापैकी तिथेच ठरतं, आपण मात्र पंपवाल्याला शिव्या घालतो. प्लग काढून बघितले असतील, हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवलं असेल तर लिहा. सुरुवात माझ्यापासून.

माझी २००५ ची होंडा सिटी, आय-डीएसआय, म्हणजे दर सिलिंडरला दोन प्लगवालं इंजिन. चार सिलिंडर पण प्लग आठ! दोन बाजूंनी ठिणगी पडते म्हणजे आगीला अर्धंच अंतर जायचं, त्यामुळे पातळ मिक्श्चर (हवा जास्त, पेट्रोल कमी) पण नीट जळतं आणि १०.८ कॉम्प्रेशन (मिक्श्चर किती पट दाबलं जातं ते) असूनही नॉकिंग, म्हणजे पेट्रोल आपोआप पेटून होणारी टिकटिक, नाही. आणि आमचा मेकॅनिक वर्षानुवर्षं पुढचे चारच बदलत होता, मागे हात जात नाही म्हणून! पीयूसीला एचसी (धुरातलं न जळलेलं पेट्रोल) वाढलेलं आलं तेव्हा मागचे काढले, टोकं पार झिजलेली. बदलल्यावर लिटरमागे दीडेक किलोमीटर वाढले.

टॅक्सीवाल्याचा पोरगा : बाबांची पद्मिनी. किल्ली काढली तरी इंजिन घुर्र घुर्र चालूच, मग गिअर टाकून क्लच सोडून बंद पाडायचे. आत साठलेला कार्बन निखाऱ्यासारखा लाल व्हायचा आणि ठिणगीशिवाय पेट्रोल पेटवायचा. हेड उतरवून मोडक्या हॅक्सॉ ब्लेडने खरवडायला मला बसवायचे, नखांतला काळा आठवडाभर जात नसे.

इंडिकाप्रेमी : जुनी इंडिका डिझेल. त्यात डिझेल आधी बाजूच्या छोट्या खोलीत पेटायचं, मग अरुंद तोंडातून पिस्टनवर यायचं. आवाज कमी पण उष्णता भिंतींतच जाते, म्हणून महाबळेश्वरला सकाळी हीटर प्लगशिवाय हलायची नाही. नंतर रांजणगावच्या कारखान्याचं १.३ लिटर कॉमन रेल (जास्त दाबाने डिझेल फवारणारं) इंजिन आलं, पिस्टनमध्येच वाटी आणि फवारा थेट तिच्यात, तोच घाट तोच ड्रायव्हर, मायलेज १५ चं २० झालं.

लेथवाला, मिरज : गाडी तापून हेड वाकलं की फेसिंगला (घासून सपाट करायला) आमच्याकडे येतं. गिऱ्हाईक म्हणतं अजून थोडं घासा, पिकअप वाढतो. वाढतो ना, पोकळी लहान झाली की कॉम्प्रेशन वाढणारच, पण साध्या पेट्रोलवर चढाला टिकटिक सुरू झाली की परत माझ्याच दारात, आता जाड गॅसकेट द्या म्हणून!

सध्या जर्मनीत : इकडे माझी डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोल. फवारा थेट आत, त्यामुळे आतली हवा गार होते, कॉम्प्रेशन जास्त ठेवता येतं, मायलेज मस्त. पण हवा आत सोडणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हवरून पेट्रोल जातच नाही, ते धुणार कोण? ९०,००० किमीला डांबरासारखा थर. साफ कशाने केला सांगू? अक्रोडाच्या टरफलांचा चुरा हवेच्या प्रेशरने मारून. चारशे युरो, टरफलं त्यांचीच.