एंजल माशावर पांढरे ठिपके: त्याला वेगळा काढू की टँकमध्येच औषध करू?

खिडकीपाशी
नमस्कार मंडळी. आमचा टँक २ फुटी आहे, वाळू आणि वरची जागा सोडली तर पाणी साधारण ६० लिटर. दीड वर्ष व्यवस्थित चाललाय. मासे म्हणजे दोन एंजल, सहा विडो टेट्रा; शिवाय पाच पिवळ्या गोगलगायी आणि मागे व्हॅलिस्नेरिया या पाणवनस्पतीची दाट रांग. मागच्या रविवारी दोन काळ्या मोली आणल्या. पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवली आणि मग पाण्यासकट आत सोडली. आज सकाळी मोठ्या एंजलच्या परांवर रव्याच्या कणांसारखे सात-आठ ठिपके दिसले. दगडाला अंग घासतोय. बाकीचे अजून ठीक दिसतात.
सासरे रोज सकाळचा चहा टँकसमोर घेतात, हा एंजल त्यांच्या बोटामागे काचेवरून फिरतो. सकाळपासून त्यांनी चहाही नीट घेतलेला नाही. दुसरा टँक नाही. एअर पंप दोन आहेत, हीटर एकच. बजेट ८०० रुपये. एंजलला बादलीत वेगळा ठेवू का?

पाणवठा_कोल्हापूर
ताई, विचार करत बसू नका, आत्ताच्या आत्ता वेगळा काढा. मी दोन दिवस "बघू" म्हणत काढले आणि अकरा गोल्डफिश गेले. अकरा! आजारी मासा बाहेर म्हणजे बाहेर.

चारफुटी
हा इक, पांढऱ्या ठिपक्यांचा आजार. माझा टँक ४ फुटी, कॅनिस्टर फिल्टर, त्याला यूव्ही, म्हणजे पाण्यातले जंतू मारणारा दिवा जोडलाय. साडेसहा हजार गेले, पण तीन वर्षांत एक ठिपका दिसलेला नाही. यूव्ही घ्या आणि निश्चिंत व्हा.

खिडकीपाशी
दादा, बजेट ८०० आहे.

चारफुटी
वाचलं मी. पण दर वेळी औषधांवर थोडे थोडे घालवून शेवटी तेवढेच जातात, म्हणून सांगितलं.

गप्पीवाला
मीठ. लिटरला २ ग्रॅम, म्हणजे तुमच्या टँकला १२० ग्रॅम. एकदम ओतू नका, वेगळ्या भांड्यात विरघळवून दिवसभरात तीन-चार वेळा घाला. फक्त खडेमीठ, आयोडीनचं अजिबात नाही, मासे मरतात.

निळीशाई
आयोडीनने मासे मरतात हे मी वीस वर्षं ऐकतोय. आयोडीनयुक्त मिठात किलोमागे १५ ते ३० मिलिग्रॅम आयोडीन असतं. १२० ग्रॅम मिठात होऊन होऊन साडेतीन मिलिग्रॅम, तेही ६० लिटर पाण्यात. घरात जे मीठ आहे ते वापरा.

गप्पीवाला
माझ्या गप्पी गेल्या आहेत, मी डोळ्यांनी पाहिलंय.

निळीशाई
किती मीठ घातलं होतं?

गप्पीवाला
मूठभर. पाच लिटरच्या बरणीत.

निळीशाई
मग आयोडीनला कशाला दोष? मूठभर खडेमिठानेही गेल्या असत्या.

पुणे_३०
आधी इकच आहे ना, हे नीट बघा. माझ्या गोल्डफिशच्या गालफडांवर पांढरे दाणे आले होते. मी आठवडाभर औषध केलं, मासा अर्धमेला झाला. नंतर कळलं की विणीच्या काळात नराच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या कडेला असे दाणे येतातच, तो आजार नव्हे. धडधाकट मासा मी स्वतःच्या हाताने आजारी पाडला.

तळातलीवाळू
एंजलला ते दाणे येत नाहीत, आणि नवीन मासे आणल्यावर चार-पाच दिवसांत पर-अंगावर विखुरलेले ठिपके आणि घासणं म्हणजे बहुधा इकच. पण धाग्यात मुख्य गोष्ट अजून कुणी सांगितलेली नाही.
दिसतो तो ठिपका म्हणजे माशाच्या कातडीखाली बसून पोसलेला परजीवी. पोट भरलं की तो सुटतो, तळाला वाळूवर किंवा पानावर चिकटतो, भोवती कोष करतो आणि आत फुटून फुटून शेकडो पिल्लं तयार होतात. ती पाण्यात सुटली की दोनेक दिवसांत मासा मिळावा लागतो, नाहीतर मरतात. औषध, मीठ, काहीही असो, मार बसतो तो फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना. कातडीखालच्याला आणि कोषातल्याला काही होत नाही. म्हणून दोन दिवसांत ठिपके गेले की औषध थांबवणारे पुढच्या आठवड्यात पुन्हा रडत येतात.
म्हणजे एकट्या एंजलला बाहेर काढून टँक वाचत नाही. ठिपका दिसला तेव्हाच बाकीच्यांना लागण झालेली असणार. वेगळं ठेवायचं होतं ते त्या मोलींना, तीन-चार आठवडे, टँकमध्ये सोडायच्या आधी. आणि दुकानाच्या पिशवीतलं पाणी कधीही आत ओतू नये.
उपचार अख्ख्या टँकवर करा. तापमान दर काही तासांनी एकेक अंश वाढवत ३० पर्यंत न्या, दोन्ही एअर पंप चालू ठेवा कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो, सोबत मीठ. शेवटचा ठिपका गेल्यावरही किमान दहा दिवस हेच चालू ठेवा.

पाणवठा_कोल्हापूर
म्हणजे मी म्हटलं तेच, उशीर करू नका.

तळातलीवाळू
नाही, मी बरोबर उलटं म्हटलंय.

शेवाळ
दुकानदार निळी बाटली हातात देईल, मेथिलीन ब्लू. मुख्य टँकमध्ये घालू नका! मी घातली. काचेच्या सांध्यांचं सिलिकॉन कायमचं निळं झालं, आणि त्याहून वाईट म्हणजे माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे फिल्टरमधले चांगले जीवाणू गेले. अमोनिया वाढून इकमधून वाचलेले मासे पुढच्या चार दिवसांत गेले. त्या दुकानदाराने एका शब्दानेही सावध केलं नव्हतं. मॅलाकाइट ग्रीन असलेलं औषध इकवर चांगलं, पण गोगलगायी असतील तर नको, आणि फिल्टरमध्ये कार्बन असेल तर आधी काढा, तो औषध शोषून घेतो.

चारफुटी
अवांतर: २ फुटी टँकमध्ये दोन एंजल हेच चूक आहे. उंची किती आहे?

खिडकीपाशी
सव्वा फूट. दादा, तो विषय नंतर.

पुणे_३०
+१ तळातलीवाळू. मीठ आणि ३० अंश.

गप्पीवाला
मिठाबद्दल मी आधीच लिहिलंय, वर बघा. आणि एक: पाणी उडून कमी झालं तर साधं पाणी घाला, मीठ उडत नाही. जेवढं पाणी काढून बदलाल तेवढ्यापुरतंच मीठ.

खिडकीपाशी
सगळ्यांचे मनापासून आभार. तळातलीवाळू, तुमचं लिखाण मी सासऱ्यांना वाचून दाखवलं. त्यावरून आम्ही वेगळंच ठरवलंय. परजीवीला मासा मिळाला नाही तर तो मरतो ना? मग टँकमध्ये मासाच ठेवायचा नाही. दहाच्या दहा मासे बाहेर. कपडे भिजवायचा टब आहे, ४० लिटर पाणी मावतं. साबण न लावता घासून, उन्हात वाळवून घेतलाय. मीठ, हीटर, एअर पंप सगळं टबात. टँकमध्ये फक्त गोगलगायी आणि झाडं, मिठाशिवाय, महिनाभर.

शेवाळ
टबात फिल्टर कुठला? नव्या पाण्यात दहा मासे म्हणजे दोन दिवसांत अमोनिया. हे करू नका.

तळातलीवाळू
ताई, तर्क चुकलेला नाही, पण मी असतो तर केलं नसतं. पकडापकडीत मासे घाबरतात, आणि आजारी माशाला तोच ताण महागात पडतो. करायचंच असेल तर टँकच्या फिल्टरमधला अर्धा स्पंज कापून टबाच्या फिल्टरला लावा, जीवाणू त्यात आहेत. तो स्पंज टँकमध्ये परत नेऊ नका. जाळी आणि पाणी काढायचा मग टँकसाठी वेगळे, ओला हातही इकडून तिकडे नको. गोगलगायींना रोज थोडं खाणं द्या, त्यांच्या घाणीवरच टँकचे जीवाणू जगतील. पाणी बदलताना हीटरचं बटण आधी बंद, उघडा पडला की काच तडकते. आणि तो प्लास्टिकला टेकू देऊ नका.

पाणवठा_कोल्हापूर
सगळे मासे काढायची काय गरज, एकच आजारी आहे.

खिडकीपाशी
(बारा दिवसांनी) कळवते. एक स्पंज फिल्टर आणि एक जाळी, ३४० रुपये झाले. मीठ घरातलंच, ८० ग्रॅम. रोज १० लिटर पाणी बदलतो, अँटीक्लोरीन घालून, सोबत २० ग्रॅम मीठ. दुसऱ्या दिवशी सगळ्या टेट्रांवर आणि एका मोलीवरही ठिपके आले, म्हणजे लागण खरंच सगळ्यांना झाली होती. तिसऱ्या दिवशी एक टेट्रा गेला. शेवाळ म्हणाले ते खरं, त्या दिवशी पाणी बदलायला मला उशीर झाला होता. सहाव्या दिवशी शेवटचा ठिपका गेला. एंजल खातोय. टबाला काच नाही, म्हणून तो वरून दिसणाऱ्या बोटाकडे येतो. सासरे चहा घेऊन बाल्कनीत टबाशेजारी स्टुलावर बसतात. टँक अजून अठरा दिवस रिकामाच ठेवणार आहे.

चारफुटी
छान झालं. पण रिकामा आहे तोवर यूव्ही बसवून घ्या.

शेवाळ
त्या १० लिटरचे १५ करा. ठिपका गेल्यानंतरचे दहा दिवस पूर्ण होईपर्यंत तरी.

खिडकीपाशी
आजपासून १५.