मदत हवी आहे: विशेष शाळेसाठी भाट (बागायतीची जमीन) घेतोय, अर्धे सेटलमेंट, अर्धे ऑर्चर्ड

गोव्यात डिचोली तालुक्यात विशेष मुलांच्या शाळेसाठी आमची संस्था २,४०० चौ. मी. भाट घेणार आहे. प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये रस्त्याकडचा भाग सेटलमेंट (वस्तीचा झोन) दिसतो, मागचा चढाचा ऑर्चर्ड (बागायतीचा झोन). थेरपीची खोली आणि बस वळवायची जागा मागे घ्यायची आहे. भाटकार (जमीनमालक) म्हणतो, सनद काढली की सगळीकडे बांधता येईल. बयाणा देण्याआधी काय तपासावे?

पागोळी: सनदेने झोन बदलत नाही. महसूल संहितेच्या कलम ३२ खालची सनद फक्त बिगरशेती वापराची मुभा देते, झोन ठरतो नगर नियोजन कायदा १९७४ खाली. ऑर्चर्ड भागाची सनद तिथेच अडेल. आधी टीसीपीच्या (नगर नियोजन खात्याच्या) तालुका कार्यालयातून झोनिंग सर्टिफिकेट काढा. एक-चौदाचा (सातबाऱ्यासारखा, मालक आणि कुळांच्या नोंदीचा) ताजा उतारा आणि जागा लाल रेघेने दाखवलेला सर्व्हे प्लॅन जोडा. आराखड्याची पीडीएफ मोठी करून मोजलेल्या क्षेत्रफळावर विसंबू नका. त्या नकाशावरच्या रेघेची जाडीच जमिनीवर काही मीटर भरते.

थेरपीची खोली पुढेच आणा. मागे चढ कापायचा तर कलम १७अ प्रमाणे मुख्य नगर नियोजकांची आगाऊ लेखी परवानगी लागते. शिवाय चाकखुर्चीचा रॅम्प १:१२ धरला, तर ६० सेंमी चढायला ७.२ मी. लांबी हवी. चढावर ती कुठून काढणार?

कुळागर: एक-चौदावरचा कुळाचा रकाना झोनच्याही आधी वाचा. कूळ कायद्याने कुळाच्या मालकीची झालेली जमीन १९९१ च्या भू-वापर कायद्यामुळे शेतीशिवाय वापरता येत नाही, मग नकाशावर ती सेटलमेंट का असेना. भाटात मुंडकाराचे (भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचे) घर आहे का, तेही जागेवर जाऊन बघा. पंचायत हद्दीत घराभोवती ५ मी. किंवा ३०० चौ. मी., यातले मुंडकाराच्या फायद्याचे असेल तेवढे त्याच्या हक्कात जाते. तेवढी जागा तुमच्या हिशेबातून वजा करा.

प्रश्नकर्ती: कुळाचा रकाना कोरा आहे. मागच्या भागाचा झोन बदलून घेता येईल का?

पागोळी: २०२४ मध्ये आलेल्या कलम ३९अ खाली अर्ज करता येतो. आधी सूचना निघते, हरकतींना ३० दिवस असतात. पण त्या कलमालाच न्यायालयात आव्हान दिलेले आहे. मुलांची शाळा त्या भरवशावर ठेवू नका. सेटलमेंटच्या चौरस मीटरांत बसेल तेवढीच इमारत आखा, मागची झाडे तशीच राहू द्या. करारात मात्र लिहून घ्या: झोनिंग सर्टिफिकेटमध्ये सेटलमेंट कमी निघाले तर बयाणा परत.