पलूसकडं काल आभाळात दिव्यांची रांग दिसली, कुणाला माहितीय का काय होतं?

ऊसवाला_पलूस
नमस्कार मंडळी. काल दारं धरायला रानात गेलतो, या आठवड्यात आमच्याकडं थ्री फेज लाईट संध्याकाळी सातला येतीय. मोटर चालू करून बांधावर उभा होतो, ७:४० झाले असतील, तर सागरेश्वरच्या डोंगराच्या अंगानं पांढऱ्या दिव्यांची रांग वर आली. एकामागं एक, दोरीत ओवल्यासारखी, अगदी सरळ. १९ पर्यंत मोजले मग चुकलं. आवाज अजिबात नाही, लुकलुक नाही. डोक्यावरनं जरा पुढं तासगावच्या बाजूला गेली आणि तिथं एकाच जागी एकेक दिवा विझत गेला. ढग नव्हते, बाकी चांदण्या तिथंच दिसत होत्या. सगळं मिळून तीन मिनिटं. मोबाईलवर व्हिडिओ काढला पण नुसता काळोख आलाय.

विचारायचं कारण असं की गावात दहा-बारा जणांनी बघितलं आणि रात्रीतच ग्रुपवर सुरू झालं की चोरांचे ड्रोन आहेत, घरांची टेहळणी चाललीय. पोरं काठ्या घेऊन गस्त घालतायत. आज सकाळी एकानं लिहिलं की ओढ्याकडंला ऊसतोडीची टोळी उतरलीय तिच्या खोप्या तपासा. ती माणसं बीडकडची, आमचाच फड तोडतायत, दिवसभर कोयता चालवून संध्याकाळी मोळ्या भरून दमून पडणारी, लेकरंबाळं खोपीत, त्यांचा काय संबंध? मला आज रात्रीच्या आत ग्रुपवर काहीतरी पक्कं लिहायचंय. अंदाज नको, कुणाला खरंच माहीत असेल तर सांगा.

मिरजकर०९
ड्रोनच असणार भाऊ. आमच्याकडं पण मागं अशीच चर्चा होती. कडी-कोयंडे नीट लावा आणि पोलीस पाटलांना कळवा.

विटेकर_गलाई
मी मूळ विट्याचा, गलाईच्या म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, २०२२ ला नागपूरला होतो. त्या वर्षी गुढीपाडव्याला, २ एप्रिल, संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास आभाळातनं जळत जाणारे तुकडे आम्ही सगळ्यांनी दुकानाबाहेर उभं राहून बघितले. आधी लोक उल्का म्हणले, विमान पडलं म्हणले. मग चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला तीनेक मीटर व्यासाची धातूची रिंगच सापडली, चीनच्या रॉकेटचा तुकडा असावा असं तज्ज्ञांनी सांगितलं. तुमच्याकडं पण तसलंच काही असेल का? रानात काही पडलेलं सापडलं तर हात लावू नका, आधी तहसीलदारांना कळवा.

कराड_शनिवारपेठ
थांबा थांबा, मी काल कराडात गच्चीवर होतो, वेळ पण तीच, ७:४०, आणि मला पण तशीच रांग दिसली, बरोबर डोक्याच्या पुढं जाऊन विझली! आईला हाक मारेपर्यंत शेवटचे तीन-चार राहिलेवते. मला वाटलं एकट्यालाच दिसलं म्हणून कुठं बोललो नाही.

चाळकेवाडी_दुर्बीण
कराडच्या भावांनी मोठं काम केलं. कराड ते पलूस हवाई अंतर पस्तीसेक किलोमीटर आहे. ड्रोन आपल्याकडं नियमानं १२० मीटरपर्यंतच उडवायचा असतो, समजा चोरानं नियम मोडून दुप्पट उंच नेला तरी पलूसवरचा ड्रोन कराडात डोक्यावर दिसणार नाही. दोन्हीकडं एकाच वेळी डोक्यावरनं गेलं म्हणजे ते शेकडो किलोमीटर उंच आहे. ही एक गोष्ट जरी ग्रुपवर लिहिलीत तरी चोरांचा विषय संपतो.

ते स्टारलिंकचे उपग्रह होते. स्पेसएक्स कंपनी इंटरनेटसाठी एका रॉकेटमधनं वीस-पंचवीस एकदम सोडते (मे २०१९ च्या पहिल्या खेपेत ६० होते), सुरुवातीला ते साधारण ३०० किलोमीटरवर जवळजवळ असतात, म्हणून माळ दिसते. मग हळूहळू आणखी वर चढतात आणि पांगतात. विटेकरांनी सांगितलं ती घटना खरी आहे पण तिथं जळणारे लहानमोठे तुकडे होते आणि मागं शेपट्या होत्या. इथं सगळे ठिपके सारखे, शेपूट नाही.

आता ते विझले का. त्यांना स्वतःचा दिवा नसतो, ऊन पडून चमकतात. साताऱ्यात संध्याकाळी पेठांमध्ये सावली येते तरी अजिंक्यताऱ्याच्या माथ्यावर ऊन असतं ना, तेच हे, फक्त माथा ३०० किलोमीटर उंच. खाली अंधार पडून तास झाला तरी वर ऊन असतं. पण पूर्वेकडनं पृथ्वीची सावली वर चढत असते, उपग्रह पश्चिमेकडनं येतात आणि त्या सावलीत शिरतात. उसाच्या ट्रॉल्या एकामागं एक पुलाखाली शिराव्यात तसं, म्हणून प्रत्येक दिवा त्याच जागी गेला. सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेग, तीन मिनिटं बरोबर बसतात.

हेवन्स अबव्ह नावाची साइट आहे, तिथं पलूस टाका, पुढची वेळ मिळेल. आज परत दिसत असेल तर वेळ आधीच ग्रुपवर टाका आणि सगळ्यांना गच्चीवर बोलवा. आधी सांगितलेली वेळ खरी ठरली की माणसाचा विश्वास बसतो, नुसतं समजावून बसत नाही.

मिरजकर०९
कराडच्या मुद्द्यावर मला काही उत्तर नाही. माझं मागं घेतो.

ऊसवाला_पलूस
सर, साइटवर आजची वेळ ७:२१ मिळाली. दुपारीच ग्रुपवर टाकली, कराडचा मेसेज पण टाकला. सातलाच शाळेच्या गच्चीवर चाळीसभर माणसं, गस्तीवरची पोरं पण, आणि मी स्वतः जाऊन टोळीच्या मुकादमाला घेऊन आलो, तो कुटुंबासकट आला. ७:२१ ला आली! कालच्यापेक्षा फिकी आणि दिव्यांमधलं अंतर वाढलेलं. आज तासगावकडं बरीच खाली गेल्यावर विझली, काल डोक्याच्या जरा पुढंच विझलीवती. मुकादमाच्या पोरीनं नीट मोजले, २१ आहेत. ज्यानं खोप्या तपासा लिहिलंवतं त्यानं मेसेज डिलीट केला आणि मुकादमाला चहाला घेऊन गेला. लई आभार सगळ्यांचे, कराडच्या भावांचे विशेष. एकच राहिलं, आज खाली जाऊन का विझली?

चाळकेवाडी_दुर्बीण
आज वीस मिनिटं आधी आली म्हणून. सावली तेवढी वर चढलेली नव्हती, उपग्रहांना पूर्वेकडं जास्त वेळ ऊन मिळालं. पहाटेला हे उलटं होतं, पश्चिमेकडं अंधार असतो आणि मधेच आभाळात एकेक दिवा लागत पूर्वेकडं जातो. साइटवर पहाटेच्या वेळा पण येतात, टोळी फडात जायच्या वेळची एखादी सापडली तर त्या पोरीला नक्की सांगा.