मदत हवी आहे: मिडलसेक्स काउंटीच्या गरिबीच्या आकड्यांतून विद्यार्थी वेगळे कसे काढावेत?

न्यू जर्सीतल्या या काउंटीसाठी अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेचे (अमेरिकेच्या जनगणना विभागाच्या नमुना पाहणीचे) पाच वर्षांचे आकडे घेतले आहेत. अडचण तिथल्या न्यू ब्रन्सविक शहराची. वसतिगृहातले विद्यार्थी गरिबीच्या मोजणीत धरतच नाहीत, पण रटगर्स विद्यापीठाजवळ भाड्याने राहणारे धरतात. तुटपुंज्या पगारावरची कुटुंबं त्या गर्दीत झाकली जातात; ती दिसायलाच हवीत.

पाहणीचा तक्ता बी१४००६ (गरिबी आणि शिक्षणाचा स्तर एकत्र दाखवणारा) वापरून महाविद्यालयीन विद्यार्थी गरिबीच्या दराच्या अंश आणि छेद दोन्हींतून वजा केले. त्यात आईवडिलांकडे राहणारेही गळतात. शिवाय प्रत्येक आकड्याच्या त्रुटीमर्यादेचा (अंदाज किती चुकू शकतो त्याचा) वर्ग करून, त्यांच्या बेरजेचं वर्गमूळ घेऊन एकत्रित त्रुटीमर्यादा काढली, तर छोट्या ट्रॅक्टमध्ये (जनगणनेच्या लहान भागांत) ती जवळपास अंदाजाएवढीच येते. शेजारचे ट्रॅक्ट जोडावेत, की पम्सचा सूक्ष्म डेटा (याच पाहणीतल्या एकेका व्यक्तीच्या निनावी नोंदी) घ्यावा? पम्सचा विभाग किमान १,००,००० वस्तीचा, म्हणजे शहर पुन्हा शेजारच्या गावांत मिसळणार. कुणी हे केलं असेल तर पायऱ्या सांगाल का?