कैरोची पत्रं: व्यापार शब्दावर चालायचा की दाव्यावर?

वहीखातं: कालच्या चर्चेत एकानं लिहिलं, ‘११व्या-१२व्या शतकातल्या ज्यू व्यापाऱ्यांना कोर्टकचेरी लागलीच नाही, सगळं शब्दावर चालायचं.’ राहवलं नाही. देवाचं नाव असलेला कागद फेकायचा नाही, म्हणून फुस्तातच्या, म्हणजे जुन्या कैरोच्या, बेन एझ्रा सिनेगॉगच्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या) कोठडीत पत्रांबरोबर दावे, जबान्या, मुखत्यारपत्रंही साठली. शब्द पुरत असता तर हे कागद कशाला झाले असते?

दर्यावर्दी: लिहिणारा मीच. मंगळुरात राहणाऱ्या ज्यू व्यापारी अब्राहम बेन यिजूनं वेलदोड्यासाठी आगाऊ दिलेले पैसे एका स्थानिक कारदारानं, म्हणजे माल मिळवून देणाऱ्या मध्यस्थानं, थकवले. येमेनच्या अदन बंदरातल्या मित्रानं काय सुचवलं? देणं बुडवणाऱ्याची आम्ही अदनमध्ये नाचक्की करतो, असा धाक त्याला घाल. अदनचं कोर्ट मंगळुरात येऊन जप्ती करणार होतं का? पत हेच हत्यार होतं.

वहीखातं: धाक घातला म्हणजे वसुली झाली नाही. माझ्या आजोबांनी एकाला तांदूळ तोंडी शब्दावर उधार दिला. त्यानं हात वर केले. अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं, तरी त्याचं दुकान तिथेच जोरात चाललं. आजीच्या पाटल्या मात्र गेल्या. ‘पत’ या गोष्टीचं कौतुक मला सांगू नका.

पाटावरवंटा: दोघेही पैशांपलीकडे बघतच नाही आहात. याच बेन यिजूनं ११३२ मध्ये अशू नावाच्या गुलाम बाईला मुक्त केलं. बहुतेक तीच त्याच्या मुलांची आई. तिच्या मुक्तीचा कागद आहे, तिचा स्वतःचा एक शब्द नाही. आणि अदनला जाऊन त्याचे व्यवहार बघणारा बोम्मा? तोही गुलामच.

दर्यावर्दी: विषय भरकटवू नका. बोम्माला महिना दोन दिनार मिळायचे. अदनचे व्यापारी पत्रात त्याला नावानं सलाम धाडायचे.

पाटावरवंटा: सलाम धाडला म्हणून तो मोकळा झाला? माझी आजी तीस वर्षं एका घरी राबली. ‘आमच्या घरचीच आहे’ म्हणायचे, आणि पगार वाढवून मागितला की आठ-आठ दिवस बोलायचे नाहीत. नावानं विचारपूस कशी असते ते मला शिकवू नका.

भरतीओहोटी: जरा दमानं घ्या. फुस्तातचा ज्यू विचारवंत आणि वैद्य मैमोनिदेस, त्याचा धाकटा भाऊ डेव्हिड हिंदी महासागरात बुडाला. त्याच्याबरोबर दोघांचा आणि इतरांचाही पैसा गेला. मैमोनिदेस वर्षभर अंथरुणाला खिळला होता. त्या बुडालेल्या पैशाचा दावा कुणावर लावायचा, आणि शब्द तरी कुणाचा धरायचा?

वहीखातं: समुद्रानं नेलं ते वेगळं, माणसानं बुडवलं ते वेगळं. मी दुसऱ्याबद्दल बोलतोय.

दर्यावर्दी: बरं, ‘लागलीच नाही’ हे मागे घेतो. फुस्तातमध्ये दावे चालायचे, मान्य. पण समुद्रापार माल सोपवताना आधी माणसाची पत बघायचे, हे मी सोडणार नाही.

पाटावरवंटा: आणि अशू? तिच्याबद्दल तुम्ही अजून एक ओळही लिहिलेली नाही.