मदत हवी आहे : आकाशवाणीवरील मराठी कुस्ती-समालोचनाचा इतिहास

नमस्कार मंडळी,

आकाशवाणीवरून आपल्या भागात पोहोचलेल्या मराठी क्रीडा-समालोचनाचा इतिहास मी संकलित करत आहे आणि त्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे. क्रिकेटचे मराठी धावते वर्णन घराघरांत नेणारे बाळ ज. पंडित सर्वांना आठवतात. परंतु राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीसाठी खासबाग मैदान उभारले त्या कोल्हापुरात, लाल मातीतील लढत रेडिओवरून ऐकणाऱ्यांच्या आठवणी मात्र कोणी एकत्र लिहून ठेवल्याचे माझ्या पाहण्यात नाही, याची मला फार खंत वाटते. माझे वडील तालमीच्या कट्ट्यावर ट्रान्झिस्टर घेऊन बसत आणि धोबीपछाड, ढाक, कलाजंग हे शब्द कानी पडताच सगळे गप्प होत.

कोल्हापूरचे एफएम केंद्र पुढे आले. त्याआधी आपल्याकडे मध्यम लहरींवरील सांगली केंद्र ऐकले जाई. त्या केंद्रावरून किंवा पुणे-मुंबईहून कोल्हापूरच्या कोणत्या कुस्त्यांचे, तसेच शाहू स्टेडियमवरील कोणत्या फुटबॉल सामन्यांचे वर्णन वा वृत्तांत प्रसारित झाले, समालोचक कोण होते, हे ज्यांनी स्वतः ऐकले असेल त्यांनी कृपया वर्षासह कळवावे. नेमके वर्ष आठवत नसल्यास लढतीतील मल्लांची नावेही पुरेशी आहेत, कारण त्यावरून जुन्या वर्तमानपत्रांत तारीख शोधता येते. घरी रेडिओवरून ध्वनिमुद्रित केलेली कॅसेट असल्यास ती कृपया टाकून देऊ नका. मी स्वतः येऊन तिची प्रत करून घेईन आणि मूळ कॅसेट तिथेच परत देईन.